एल्कच्या मांसाचा डबा

ऑफिसमधला कागद मी आयुष्यात एकदाच बाहेर नेला. त्यापायी एका म्हाताऱ्या माणसाची शिकार कायमची बंद झाली. तो माणूस माझा नात्याचा नव्हता, पण त्या गावात माझं म्हणावं असं दुसरं कुणीही नव्हतं. हे लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं, कारण ज्यात आपण थोडेफार बरे दिसू असा एखादा कोपरा मी शोधत होते. तो काही सापडला नाही, म्हणून आहे तसंच लिहिते.

गोष्ट २००४-०५ ची. टेक्सासमधल्या अर्विंगमध्ये आमचं बरं चाललं होतं, तोवर मंदीत नवऱ्याची नोकरी गेली आणि त्याचा व्हिसा माझ्या व्हिसाच्या शेपटाला बांधला गेला. कन्सल्टिंग कंपनीने मला विचारलं, एकच क्लायंट आहे, लांब डोंगरात, जाणार का? नाही म्हणून सांगते कुणाला! नवरा आणि पाच वर्षांची लेक अर्विंगलाच राहिले, कारण तिची शाळा सुरू झाली होती आणि माझं काम पुढच्या सहा महिन्यांत चालू राहील की नाही ते कुणालाच ठाऊक नसायचं. मी आयडाहो आणि मोंटानाच्या सीमेजवळच्या एका गावात येऊन पडले. ग्रीन कार्डाचा अर्ज आत गेलेला होता. माझी नोकरी गेली असती तर तो अर्जही गेला असता आणि तिघांनाही चंबूगबाळं आवरून परतावं लागलं असतं. पुढे मी जे केलं ते ह्याच भीतीच्या नावाखाली केलं.

काम वन्यजीव खात्याच्या ऑफिसात होतं. तिकडे एल्क नावाचं हरीण असतं, आपल्या सांबराचा थोरला भाऊ शोभेल असं. ते मारायला परवाना लागतो, त्याला टॅग म्हणतात. एका टॅगवर एक जनावर. अर्ज ढीगभर आणि टॅग मोजके, म्हणून सोडत काढतात. ती काढणारा प्रोग्रॅम मी लिहिला. दुसरं काम नकाशाचं. काही लांडग्यांच्या आणि काही एल्कच्या गळ्यात रेडिओचे पट्टे होते. आठवड्यातून एकदा खात्याचा जीवशास्त्रज्ञ छोट्या विमानातून फिरून त्यांचे सिग्नल ऐकायचा आणि जागा टिपून आणायचा. त्या मी नकाशावर चढवायचे, लांडगे लाल ठिपके आणि एल्क निळे. लांडगा तेव्हा संरक्षित प्राणी होता, त्याला मारणं गुन्हा होता, म्हणून तो नकाशा बाहेर न्यायला सक्त मनाई होती. कुणी तो उघडला, कुणी छापला, ह्याची नोंद ठेवणारा प्रोग्रॅमसुद्धा मीच लिहिला होता.

माझं टेबल काउंटरच्या मागेच होतं, त्यामुळे शिकाऱ्यांची लांडग्यांवरची भाषणं फुकटात ऐकायला मिळायची. आमच्या विदर्भात लांडगा म्हणजे बकरी पळवणारा, त्याच्याबद्दल दोन मतं नसतात. शिकारीही सगळे त्याच्यावर दात खाऊन असतील असं मी धरून चालले होते. तसे काही होतेच. मूठ आपटून विचारायचे, लांडग्यांनी डोंगर साफ केला, तुमचं खातं झोपलंय का? पण त्याच रांगेत धनुष्यबाणाने शिकार करणारा एक शांत माणूस असायचा. तो म्हणायचा, "पूर्वी आम्ही गाडीतून उतरून एल्क मारत होतो. लांडगे आल्यापासून एल्क उघड्या कुरणात थांबत नाहीत, माजावर आले तरी ओरडत नाहीत. आता कुठे शिकार करावी लागते." एक नर्स होती, तीन मुलांची आई. तिला दोन्ही बाजूंचा कंटाळा होता. "मला लांडग्याचं प्रेम नाही आणि वैरही नाही. मला फ्रीझर भरायचा आहे, टॅग द्या," म्हणायची. एकदा दोघेजण इतके हमरीतुमरीवर आले की काउंटरवरच्या बाईने दोघांच्या मधोमध कॉफीचं भांडं आणून ठेवलं.

माझे शेजारी ह्या कुठल्याच गटात नीट बसत नव्हते. एकाहत्तर वर्षांचे, लाकडाच्या गिरणीतून निवृत्त झालेले, बायको गेलेली, खुबा झिजलेला. तुमच्या वयाच्या माणसाला आम्ही काका म्हणतो, असं मी एकदा सांगितलं तर गडी इतका खूश, की ख्रिसमसच्या कार्डावर त्यांनी तीच सही केली. लांडग्यांबद्दल विचारलं की म्हणायचे, "मला तो आवडतो असं नाही. पण तो म्हातारे आणि लंगडे एल्क नेतो. मी स्वतः म्हातारा आणि लंगडा आहे, तेव्हा त्याच्याबद्दल जपून बोलतो." मग गंभीर होऊन म्हणायचे, "डोंगर काही माझ्या एकट्याच्या बापाचा नाही. त्यालाही पोट आहे."

त्यांचा धाकटा भाऊ मात्र लांडग्याचं नाव काढलं की थुंकायचा. तो बाहेरगावच्या शिकाऱ्यांना खेचरांवरून डोंगरात घेऊन जायचा, तोच त्याचा धंदा. एल्क दाट झाडीत शिरले तसे त्याचे शिकारी रिकाम्या हाताने परतायला लागले, आणि पुढच्या वर्षी फिरकेनासे झाले. त्याच्या दोन कुत्र्यांचाही लांडग्यांनी फडशा पाडला होता. त्याचा राग खोटा नव्हता. हे दोघे भाऊ लहानपणापासून एकत्र शिकारीला गेलेले, वडिलांनी घेऊन दिलेल्या एकाच जातीच्या दोन बंदुका बाळगणारे. लांडग्यांवरून वाद वाढत गेला आणि आता एकत्र जाणं बंद होतं. हंगामात धाकटा आपलं एक खेचर मोठ्याला वापरायला द्यायचा, तेवढाच व्यवहार उरला होता.

पहिल्या हिवाळ्यात काका आइस्क्रीमचा निळा प्लास्टिकचा डबा घेऊन दारात उभे राहिले. आत एल्कचं मांस. "तू खातेस ना?" माझ्या आधीचा भारतीय कन्सल्टंट शाकाहारी होता, त्यामुळे आम्ही सगळेच पाला खातो अशी गावाची समजूत होती. अर्विंगच्या मराठी ओळखीतल्या दोन-चार काकूंची नाकं मी मटण म्हटलं की वर जायची, तिथे हा म्हातारा स्वतः होऊन विचारत होता. मी नागपुरी काळा मसाला घालून तिखटजाळ रस्सा केला. काकांच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. डबा परत देताना मी त्यात बेसनाचे लाडू घातले. पुढच्या वेळी चिवडा. बुद्धपौर्णिमेला खीर. शेवटी त्यांनी विचारलंच, डबा दरवेळी भरलेला कसा येतो?

"आमच्यात दुसऱ्याचा डबा रिकामा परत देत नाहीत," मी म्हटलं.

का, ते मलाही कुणी सांगितलेलं नव्हतं. आई घरात काही नसलं तर चिमूटभर साखर टाकायची, पण टाकायची. काकांना हे फार पटलं. तेव्हापासून तो डबा दोन घरांमध्ये ये-जा करत राहिला, आणि त्याच्यामुळे मी त्या गावात तग धरला.

दुसऱ्या वर्षीचा हंगाम संपत आला होता, शेवटचा शनिवार-रविवार राहिला होता. काका तीन आठवडे डोंगर चढून आले आणि त्यांना एल्कचं शेपूटही दिसलं नाही. जानेवारीत खुब्याचं ऑपरेशन होतं आणि डॉक्टरांनी त्यानंतर डोंगर विसरा म्हणून सांगितलं होतं. ह्या वर्षी नाही तर मग नाहीच. हे त्यांनी एकदाच सांगितलं, तेही बुटाच्या नाड्या बांधताना.

मी त्याच आठवड्यात अर्विंगहून परतले होते. लेक विमानतळावर माझ्याकडे यायला लाजली होती, बाबाच्या पायामागे उभी राहिली होती. मी नुसती धुमसत होते. घरात काही केलेलं नव्हतं आणि काकांचा निळा डबा ओट्यावर घासून पालथा पडलेला होता. साखर होती. चिमूटभर साखर घालून डबा दिला असता तर आज हे लिहावं लागलं नसतं. पण ज्या माणसाने वर्षभर मला जेवू घातलं त्याच्या शेवटच्या हंगामाला साखरेची चिमूट? मला ते कमी वाटलं. शुक्रवारी ऑफिस सुटायच्या आधी मी नकाशा उघडला, त्या आठवड्याचे ठिपके लावले आणि एक प्रत छापली. घडी घालून डब्यात ठेवली आणि झाकण लावलं.

काकांनी डबा उघडला. कागद उलगडून बराच वेळ पाहिला.

"हा इथे असायला नको," ते म्हणाले.

"लाल ठिपके बघा. कळप ह्या ओढ्यावर आहे. म्हणून निळे सगळे समोरच्या डोंगराच्या धारेवर सरकलेत. तुम्ही तीन आठवडे चुकीच्या बाजूला चढताय."

"मी तुला विचारलं नव्हतं, पोरी."

"डबा रिकामा द्यायचा नसतो," मी म्हटलं, आणि वर हसले. हो, हसले.

त्यांनी मागितलं नव्हतं. हे मी पुन्हा लिहिते, कारण पुढे सगळ्या गावाने त्यांच्याबद्दल काय काय म्हटलं ते मी ऐकलं आहे. त्यांनी कागद टेबलावर मिठाच्या बाटलीखाली ठेवला आणि मला चहा दिला.

शनिवारी सकाळी धाकटा भाऊ खेचर घेऊन आला. काकांचा खुबा त्या दिवशी इतका धरला होता की त्यांना उठवेना. भाऊ म्हणाला, पड तू, मी जाऊन एल्कचा माग बघून येतो. कागद टेबलावरून गेला हे काकांच्या दुपारी लक्षात आलं. भाऊ संध्याकाळी परतला, खेचर बांधलं आणि दारातूनच निघून गेला. रविवारी खुबा जरा सैल झाला तसे काका खेचरावर बसून मी सांगितलेल्या धारेवर गेले आणि त्यांना एल्क मिळालं. सोमवारी संध्याकाळी माझ्या पायरीवर निळा डबा होता, मांसाने गच्च भरलेला. मी तो फ्रीझरमध्ये टाकला आणि कितीतरी दिवसांनी गुणगुणत भांडी घासली.

मंगळवारी जीवशास्त्रज्ञ विमानातून उतरला तो पडल्या चेहऱ्याने. पट्टा बरेच तास हलला नाही की त्याचा सिग्नल दुप्पट वेगाने वाजतो. तसा त्याला ओढ्यावर ऐकू आला होता. गुरुवारी माणसं वर जाऊन आली. दोन लांडगे गोळी घालून मारलेले, त्यातली एक पट्टेवाली मादी. बर्फात खेचराच्या नालांचे ठसे रस्त्यापासून थेट तिथवर गेलेले, कुठे शोधाशोध नाही, कुठे वळण नाही. साहेबांनी मला बोलावलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "आपल्यातल्याच कुणीतरी जागा सांगितली आहे. गेल्या आठवड्यात नकाशा कुणी छापला त्याची यादी काढून दे. उद्या सकाळी नऊला. आणि हे सध्या फक्त तुला सांगतोय."

यादीत एकच ओळ होती. माझं नाव, शुक्रवार, एक प्रत.

मी दुपारभर त्या ओळीसमोर बसले. ती पुसायची आज्ञा मला पाठ होती. तीनदा टाइप केली आणि तीनदा खोडली. सचोटी आड आली असं लिहायला आवडलं असतं. आड आला तो बॅकअप. नोंदींची प्रत रोज दुसरीकडे जात होती आणि ती सोयही माझीच. नवऱ्याला फोन केला.

"अगं, पण तू प्रिंट काढलासच कशाला यार?" तो ओरडला. मग आवाज खाली आला. "हे बघ, कुणाला काहीही सांगू नकोस. मॅनेजरला नाही, एचआरला नाही. आपलं स्टेटस जाईल, कळतंय ना? ग्रीन कार्डाचं आय-वन-फोर्टी कॅन्सल होईल सगळं."

मागून लेकीचा आवाज आला, "इज दॅट आई? टेल हर आय लॉस्ट माय टूथ!"

ऑफिस सुटल्याबरोबर मी काकांकडे गेले. हातात काही नव्हतं. आत धाकटा भाऊ टोपी मांडीवर घेऊन बसला होता आणि दोघांचं जुंपलेलं होतं.

"दोन कुत्री गेली. धंदा गेला," भाऊ म्हणत होता. "तू त्याला निसर्ग म्हणू शकतोस, तुझं पोट गिरणीच्या पेन्शनवर आहे."

"मी तुला राग येऊ नये असं कधी म्हटलं नाही," काका म्हणाले. "माझ्या टेबलावरचा कागद का उचललास?"

"तो मला मिळाला नसता तर हिवाळ्याअखेर खेचरं विकायची होती. आता विकणारच आहे. निदान एकदा तरी..." त्याने कागद शेगडीत जाळल्याचं सांगितलं आणि तोंड फिरवून बसला.

मी कागद परत मागायला आले आहे असं दारातच म्हटलं होतं. कागद जळाल्याचं कळलं, म्हणजे माझं तिथलं काम संपलं होतं. मी निघाले नाही. खुर्चीवर बसले, रडले आणि सांगत राहिले. यादी, उद्या नऊ वाजता, व्हिसा, ग्रीन कार्ड, शाळा, पडलेला दात. त्यांना हे सगळं आधीच माहीत होतं, तरी एकेक करून पुन्हा सांगितलं. मी काय मागत होते ते मला तेव्हाही कळत होतं. मी फक्त ते शब्दांत म्हणत नव्हते.

काकांनी विचारलं, "ती यादी कुणी पाहिली आहे?"

"अजून कुणी नाही."

"मग घरी जा. जेव काहीतरी."

शुक्रवारी सकाळी साडेआठला ते ऑफिसात आले. इस्त्रीचा शर्ट, काठी, ओले केस नीट विंचरलेले. ज्या काउंटरवर त्यांनी आयुष्यभर टॅग घेतला त्याच काउंटरवर हात ठेवून त्यांनी साहेबांना सांगितलं, लांडगे मी मारले. मी सहा फुटांवर बसले होते.

साहेबांचा विश्वास बसेना. "तू? लांडग्यांची बाजू घेऊन माझ्या कॉफीच्या वेळा वाया घालवणारा तू?"

"खुबा दुखत होता, एल्क दिसत नव्हतं. माग काढताना ते समोर आले. डोकं फिरलं."

"ठसे तर सरळ गेलेत."

"मी त्या ओढ्यावर तुझ्या जन्माआधीपासून जातो," काका म्हणाले. "मला सरळच जाता येतं."

खेचर त्या दोन दिवसांत त्यांच्याकडे होतं हे गावाला ठाऊक होतं. बंदूक तर एकाच जातीची. त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मी उठून उभी राहीन, काहीतरी बोलेन, असं मला पाच-सहा वेळा वाटलं. मी मूग गिळून बसले. साहेब आत येऊन म्हणाले, ती यादी आता नको. मी "ओके" म्हटलं.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण ह्यात चोर दोन होते आणि दोघेही त्या संन्याशाच्या घरचं जेवलेले. काकांचा शिकारीचा परवाना कायमचा गेला. बंदूक गेली. त्याच दोन दिवसांतलं म्हणून रविवारचं एल्कही खात्याने जप्त केलं, फ्रीझरमधून एकेक पुडकं काढून नेलं. त्याहून वाईट गावाने केलं. जे लांडग्यांवर मुठी आपटायचे ते वाटेत त्यांची पाठ थोपटायचे, शाब्बास म्हणायचे. आणि तो धनुष्यबाणवाला शांत माणूस, जो काकांसारखंच बोलायचा, त्याने त्यांना ओळख देणं बंद केलं. काका दोन्हीकडे मान हलवायचे. धाकटा भाऊ शेवटपर्यंत बोलला नाही. त्याला शिव्या घालायचा अधिकार मला नाही. माझी नोकरी राहिली, पुढे २००८ मध्ये ग्रीन कार्डही आलं, आणि लेकीने मैत्रिणींना पिझ्झा दिला.

काकांच्या शेवटच्या एल्कचं जे काही मांस जगात उरलं होतं ते माझ्या फ्रीझरमध्ये होतं, निळ्या डब्यात. हिवाळाभर मी तो फ्रीझर उघडताना दुसरीकडे बघायचे. मार्चमध्ये माझं तिथलं काम संपलं. निघायच्या आदल्या दिवशी मी ते सगळं मांस शिजवलं, काळा मसाला घालून, आणि त्याच डब्यात भरून त्यांच्याकडे नेलं.

ऑपरेशन झालेलं होतं, ते काठी टेकत सावकाश दाराशी आले. आम्ही टेबलावर समोरासमोर बसलो. मी बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी चमचा हलवून नको म्हटलं. पहिला घास खाऊन म्हणाले, "हे पाठीचं. सगळ्यात चांगलं तुला दिलं होतं." मग हळूहळू, तुकडा न तुकडा, रस्सा पुसून सगळं खाल्लं. त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं, ते त्यांनी मसाल्यावर ढकललं.

डबा मीच घासते म्हटलं, तर त्यांनी हातातून घेतला. सिंकजवळ उभं राहून धुतला, पुसला. मग फ्रीझर उघडला आणि लगेच लावून टाकला. कपाट उघडलं. डबे मागेपुढे सरकवले. माझी आई करायची तशी त्यांनी साखरेची बरणी उचलली, तिरकी करून पाहिली. ती रिकामी होती. त्यांनी ती जागच्या जागी ठेवली.

"तुमच्यात रिकामा देत नाहीत ना," ते म्हणाले. त्यांना खरोखर लाज वाटत होती. "माफ कर हं पोरी. आज घरात काहीच नाही."

मी हात पुढे केला आणि डबा घेतला.